दिवसाचा हिशेब: लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेवर पहिल्यांदा निघताना

एका दिवसाचा ट्रेक आणि आठ-दहा दिवसांची डोंगरवाट यांत फरक फक्त दिवसांचा नाही. एका दिवसाच्या ट्रेकला अंगातली सगळी ताकद संध्याकाळपर्यंत संपली तरी चालतं, कारण रात्री घरी जाऊन झोपायचं असतं. लांबच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सॅक, तेच पाय आणि पुढचा चढ असतो. मी हे फार उशिरा शिकले. पहिल्या मोठ्या वाटेवर पहिल्याच दिवशी उत्साहात नऊ तास चालून ठरल्यापेक्षा पुढचा मुक्काम गाठला, आणि तिसऱ्या दिवशी डाव्या टाचेवर नाण्याएवढा फुटलेला फोड घेऊन अर्ध्यातून खाली उतरले. वाट सोपी होती, हवा स्वच्छ होती, सामान चांगलं होतं. चुकला तो दिवसाचा हिशेब.

अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल त्याहून लांब, सुमारे ४,२६० किलोमीटरची. त्या पूर्ण चालणारी माणसं चार-सहा महिने एकच दिवस पुन्हा पुन्हा नीट जगतात. म्हणून या लेखात मी फक्त एक दिवस घेतला आहे, आदल्या रात्रीपासून झोपेपर्यंतचा. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: हे केलं तर उद्या सकाळी मला चालता येईल का?

निघण्याआधी हाताशी काय हवं

कागदपत्रं: ओळखपत्र, वाटेला किंवा जंगलाला परवाना लागत असेल तर त्याची छापील प्रत, विम्याचा कागद (डोंगरातून सुटकेचा खर्च त्यात येतो का ते वाचून घ्या), आणि एका कार्डावर रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं व घरच्या माणसाचा नंबर. हे सगळं झिप लागणाऱ्या प्लास्टिक पिशवीत घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

वाट शोधण्यासाठी: छापील नकाशा, होकायंत्र, ऑफलाइन नकाशा उतरवलेला फोन, पॉवर बँक. नेटवर्क नसलेल्या भागात सॅटेलाइट मेसेंजर मिळत असेल तर जरूर घ्या.

अंगावर आणि मुक्कामाला: तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, पावसाचं जॅकेट, एक उबदार थर, झोपायचे कोरडे कपडे, चालायच्या मोज्यांचे दोन जोड आणि एक फक्त झोपण्यासाठी, हेडटॉर्च, स्टोव्ह, भांडं, लायटर, पाणी गाळायचा फिल्टर, शिट्टी, चाकू, चिकटपट्टी, औषधांची पिशवी, छोटं खुरपं.

सुती टी-शर्ट घरी ठेवा. सुती कापड घाम शोषून ओलंच राहतं आणि थांबल्यावर अंगातली ऊब काढून घेतं. सिंथेटिक किंवा लोकरीचं वापरा.

१. आदल्या रात्री दिवस कागदावर उतरवा

नवखे लोक अंतर बघतात. डोंगरात अंतरापेक्षा चढ मोजावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा उद्या १४ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ आहे. चालण्याचे २ तास ४८ मिनिटं, चढाचा दीड तास, म्हणजे साधारण ४ तास २० मिनिटं. पण हा हिशेब हलक्या, सरावलेल्या माणसाचा आणि विश्रांती न धरता केलेला आहे. पाठीवर बारा-चौदा किलो असतील तर मी त्याची दीडपट धरते. म्हणजे साडेसहा तास. सकाळी सातला निघालात तर दीड वाजता मुक्कामी. हा खरा आकडा.

मग नकाशावर चार गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: पाणी कुठे आहे, वाट कुठे फुटते, कुठून लवकर खाली उतरता येईल, आणि दिवसातली सगळ्यात उघडी जागा कोणती (खिंड, धार, माथा). पाचवी गोष्ट नकाशावर नाही, घड्याळावर ठरवायची. अमुक वाजेपर्यंत खिंडीत पोहोचलो नाही तर मागे फिरायचं किंवा अलीकडे मुक्काम करायचा. ही वेळ आदल्या रात्री, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना ठरवा. खिंडीखाली दमलेल्या अवस्थेत माणूस "अजून अर्धा तासच तर आहे" असं स्वतःला पटवतो.

वाट उंचावर जात असेल तर आणखी एक मर्यादा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढा. डोकेदुखी, मळमळ, भूक मेली असेल तर वर जाणं थांबवा. चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल तर ताबडतोब खाली, रात्र असली तरीही.

२. सॅक भरताना

तळाशी स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे, वॉटरप्रूफ पिशवीत. मधे, पाठीला चिकटून, सगळ्यात जड वस्तू, म्हणजे जेवणाचं सामान आणि पाणी. बाहेरच्या बाजूला हलकं सामान. वरच्या कप्प्यात पावसाचं जॅकेट, औषधं, हेडटॉर्च. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते आणि दिवसभर तुम्ही वाकून चालता.

पट्टे आवळण्याचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या, आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसवून घट्ट करा, मग खांद्याचे ओढा, मग छातीचा. वजनाचा मोठा भाग कमरेवर आला पाहिजे. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं तर बरोबर बसलंय.

पहिल्यांदा निघणाऱ्याने सगळं धरून सॅकचं वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवायचा प्रयत्न करावा. घरी वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मात्र विसरू नका.

३. सकाळी निघताना

तांबडं फुटायच्या सुमारास उठा. आवरायला पहिले काही दिवस दीड तास लागतो, पुढे तो पाऊण तासावर येतो. तंबूच्या आत बसूनच स्लीपिंग बॅग आणि मॅट आवरा, तंबू सगळ्यात शेवटी. दव पडून तंबू ओला असेल तर तो सॅकच्या बाहेर बांधा आणि दुपारच्या थांब्यावर उन्हात पसरा.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जॅकेट घालून निघालात तर दहा मिनिटांत आतून भिजाल आणि पहिल्या थांब्यावर काकडाल.

मुक्कामाची जागा सोडण्यापूर्वी दहा पावलं पुढे जाऊन मागे वळून बघा. तंबूचा एखादा खुंटा गवतात हमखास राहिलेला असतो.

४. चाल आणि पाय

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. चढावर वेग किती असावा याचं सोपं माप म्हणजे बोलणं. धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधे तुटत असेल तर पावलं छोटी करा, थांबू नका. पळत-थांबत चढणाऱ्यापेक्षा छोट्या पावलांनी सलग चढणारा आधी पोहोचतो आणि ताजा पोहोचतो. तासाभराने पाच-सात मिनिटं सॅक उतरवून थांबा. थांबल्याबरोबर उबदार थर अंगात घाला, थंडी वाजायची वाट बघू नका.

आता पायांबद्दल, कारण लोक वाट सोडतात ती बहुतेक वेळा पायांमुळे.

फोड अचानक येत नाही. आधी एका जागी गरम लागतं. टाचेच्या मागे, अंगठ्याच्या बाजूला, करंगळीवर. ओल्या मोज्याची घडी, बुटात गेलेला वाळूचा एक खडा, किंवा नाडी सैल असल्यामुळे टाच वर-खाली होणं, एवढंच कारण पुरतं. माझ्या त्या पहिल्या मोठ्या वाटेवर मला ती ऊब सकाळी दहालाच जाणवली होती. बरोबरचे पुढे निघाले होते, थांबायचा संकोच वाटला, "जेवायला थांबू तेव्हा बघू" म्हटलं. जेवताना मोजा काढला तेव्हा कातडीखाली पाणी भरलं होतं.

म्हणून गरम लागलं की त्याच क्षणी थांबा. बूट काढा, मोजा काढा, मोजा उलटा करून झटका. कातडी पूर्ण कोरडी करा, ओल्या कातडीवर पट्टी टिकत नाही. लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी लावा, पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा म्हणजे मोज्याला अडकून उचलले जात नाहीत. मोजा बदला, टाच बुटाच्या मागच्या बाजूला टेकवून नाडी पुन्हा बांधा. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. बरोबरच्यांना मोठ्याने सांगा, "पाय बघायचाय, थांबा." चांगली सोबत असेल तर कुणी कुरकुर करत नाही. उलट आणखी दोघं बूट काढतात.

दुपारच्या थांब्यावर काही दुखत नसलं तरी बूट-मोजे काढून पाय उघडे ठेवा. नवे बूट घालून लांबच्या वाटेवर निघू नका. पायाची नखं निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापा, कारण उतारावर वाढलेलं नख बुटाच्या टोकावर आपटून काळं पडतं.

उतार सोपा वाटतो, पण गुडघे तिथेच जातात. घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या उतारावर) टाच रोवत, गुडघा किंचित वाकवून उतरा. ट्रेकिंग पोल असेल तर उताराला त्याची लांबी थोडी वाढवा.

५. पाणी आणि खाणं

तहान लागेपर्यंत थांबू नका, आणि नुसतं पाणी ढोसतही राहू नका. घाम फार जात असेल तर मीठही जातं, म्हणून खारट खाणं किंवा ओआरएस बरोबर हवं. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक चाललंय.

झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका, वरच्या बाजूला गुरं आहेत की मेलेलं जनावर, ते खालून दिसत नाही. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळणं पुरतं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. फिल्टर जंतू आणि परजीवी अडवतो, पण नेहमीच्या पोकळ तंतूंच्या फिल्टरमधून विषाणू निसटतात. क्लोरीनच्या गोळ्या विषाणूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर भरवशाच्या नाहीत. वस्तीखालचं किंवा शंकास्पद पाणी असेल तर सरळ उकळा.

खाण्यासाठी दर माणशी दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम कोरडं सामान धरा. दाणे आणि बदाम-काजूसारखा सुकामेवा ग्रॅमला जवळजवळ ६ कॅलरी देतात, तेल-तूप ९, त्यामुळे थोड्या वजनात बरंच भागतं. एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा दर तासाला मूठभर खा. दुपारी तीनच्या सुमारास चिडचिड झाली, वाट नकोशी झाली, तर काहीही ठरवण्याआधी खाऊन बघा.

६. वाट चुकते ती उतारावर

चढताना सोंडा (माथ्यापासून खाली उतरत जाणाऱ्या धारा) एकमेकींना मिळत जातात, त्यामुळे कुठूनही वर गेलात तरी धारेवर पोहोचता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात. वरच्या अंगाला पन्नास पावलांचा फरक खाली वेगळ्याच दरीत नेतो. म्हणून माथ्यावरून उतरायला लागण्यापूर्वी थांबा, नकाशा काढा, होकायंत्र लावून दिशा बघा.

नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचायला घरीच शिका. रेषा दाटीवाटीने आल्या तर कडा किंवा खडा चढ, लांब लांब असतील तर पठार. रेषेचं टोक चढाच्या दिशेला वळलं असेल तर ती घळ, उताराच्या दिशेला वळलं असेल तर सोंड. एवढं समजलं तरी अर्धं काम होतं.

गुरांच्या वाटा हा मोठा चकवा आहे. ढोरवाट मळलेली असते, रुंद असते, आणि चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी जाऊन विरते. दहा-पंधरा मिनिटं खूण दिसली नाही, वाट बारीक होत गेली, फांद्या छातीला लागायला लागल्या, तर थांबा. पुढे नेऊन कुठेतरी मिळेल ही आशा सोडा आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत जा. घळीत उतरून शॉर्टकट काढण्याच्या नादात माणसं कड्याच्या टोकाशी अडकतात, जिथून वरही येता येत नाही.

खरोखरच हरवलात तर एका जागी बसा, उबदार कपडे घाला, शिट्टी वाजवा. आल्प्समधून आलेला इशारा असा: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. उत्तर अमेरिकेत तीन शिट्ट्या हाच मदतीचा इशारा असतो. रात्री हेच टॉर्चने करा.

७. हवा आणि ओढे

डोंगरात उन्हाळ्यात ढग दुपारी जमतात. उघडी धार, खिंड, माथा शक्यतो दुपारच्या आत ओलांडा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तिसाच्या आत आला तर वीज १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, धार सोडून खाली उतरा. एकट्या झाडाखाली, उथळ गुहेच्या तोंडाशी थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर चढू नका.

दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात पाऊस आणि वारा आला की उन्हाळ्यातही माणूस गारठतो. सोबतचा अडखळत बोलायला लागला, त्याला साधी झिपही लावता येईना, तर चालत राहण्याचा हट्ट सोडा. आडोसा, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय, या क्रमाने.

ओढा अरुंद जागी ओलांडावासा वाटतो, पण तिथे तो खोल आणि वेगवान असतो. पात्र रुंद झालेली जागा शोधा. कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. बूट पायातच ठेवा, तोंड प्रवाहाकडे करून पोल रोवत आडवे सरका. बर्फाचं पाणी असेल तर ओढा पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी भरलेला असतो. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर ओलांडू नका. तिथेच मुक्काम करून सकाळी बघा.

८. मुक्काम

सूर्य मावळायला किमान दोन तास असताना थांबा. हात लांब करून तळवा आडवा धरा आणि सूर्य व क्षितिज यांच्यात किती बोटं मावतात ते मोजा. एक बोट म्हणजे साधारण १५ मिनिटं.

जागा निवडताना आधी वर बघा, वाळकी फांदी डोक्यावर नको. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको. सगळ्यात खोलगट जागाही नको, थंड हवा रात्री तिथेच साचते आणि तंबू आतून भिजतो. पाण्यापासून ६० मीटर तरी दूर राहा. शौचासाठीही तेवढंच अंतर पाणी, वाट आणि तंबूपासून, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर माती. कागद पिशवीत घालून परत न्या.

आल्याबरोबर ओले कपडे बदला, मग तंबू, मग पाणी, मग स्वयंपाक. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका. आगीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडची भीती मोठी आहे, त्याला वास नसतो. थंडीत गॅस मंद जळत असेल तर बिघाड समजू नका. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायचं थांबतं. डबा जॅकेटच्या आत थोडा वेळ गरम करा, किंवा मुळातच प्रोपेन मिसळलेला गॅस घ्या. अस्वलं किंवा इतर धीट जनावरं असलेल्या भागात खाण्याचं सगळं सामान, टूथपेस्टसकट, तंबूपासून दूर त्या भागाच्या नियमाप्रमाणे ठेवा.

मॅटवर पैसे वाचवू नका. स्लीपिंग बॅग तुमच्या अंगाखाली दबते आणि खालच्या बाजूने तिची ऊब जाते. जमिनीची थंडी अडवते ती मॅट. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते हे सांगणारा आकडा, छापलेली असते. थंडीच्या दिवसांत ती ४ च्या वर बघा.

९. झोपण्याआधी

पाय धुऊन पूर्ण कोरडे करा आणि टॉर्चच्या उजेडात बोटांच्या मधे, टाचेला बघा. काही लाल दिसलं तर रात्रभर उघडं ठेवा, पट्टी सकाळी लावा. झोपायचे कोरडे मोजे घाला. ते चालायला कधीही वापरायचे नाहीत, बाकी सगळं भिजलं तरी नाही.

रात्री पाणी गोठण्याची शक्यता असेल तर फिल्टर कोरड्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. एकदा ओला झालेला फिल्टर गोठला की आतले तंतू फाटतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणी नेहमीसारखंच येतं, पण ते गाळलेलं नसतं. फोन आणि पॉवर बँकही आत घ्या, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

बुटांची नाडी पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढा, ते तंबूच्या ओसरीत उलटे ठेवा. सकाळी पाय घालण्याआधी झटकायची सवय लावा. हेडटॉर्च उशाशी. आणि मग नकाशा पुन्हा उघडा, उद्याचे किलोमीटर, उद्याचा चढ, पहिलं पाणी कुठे आहे ते बघा, आणि मागे फिरायची वेळ पेन्सिलने कोपऱ्यात लिहून ठेवा.